लाइल हरुस्काचा पहारा

कंदील मंडळाच्या इतिवृत्तात माझ्याबद्दल एक ओळ आहे. 'चिटणीस रोंडा विसर यांना शिस्तभंगाबद्दल सभासदत्वावरून कमी करण्यात आले.' तारीख, अकरा नोव्हेंबर १९९७. ओळ साफ खोटी आहे. मला कुणी कमी केलं नाही. सभासदत्वाची खांद्यावरची पिवळी दोरी मी माझ्या हातानं सोडली, ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. आपल्या इतिवृत्तात खोटं लिहायची मंडळाची ती पहिली वेळ नव्हती. सगळं प्रकरण सुरू झालं तेच मुळी अशा एका खोट्या ओळीवरून.

आयोवातलं आमचं कॉलेज तिन्ही बाजूंनी मक्याच्या शेतांत होतं आणि चौथ्या बाजूला नदी. लष्करात अधिकारी होऊ पाहणारे आम्ही साठ-सत्तर कॅडेट तिथं शिकत होतो. पहाटे कवायत, मग दिवसभर बाकीच्या पोरांसारखे वर्ग. त्यातल्या निवडक तिसांना कंदील मंडळात घेत. निवडक म्हणजे ज्यांचे गुण चांगले, बूट चकचकीत आणि तोंड बंद. तिसऱ्या अटीत मी कशी पास झाले ते मलाही कळलेलं नाही. मंडळ रक्तदान भरवायचं, म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसायचं, पूर आला की बांधावर वाळूची पोती टाकायला जायचं. आणि वर्षातून एकदा, अकरा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता, दगडी भिंतीपुढे मेलेल्यांची हजेरी घ्यायचं.

हजेरी म्हणजे खरोखरच हजेरी. भिंतीपुढे पितळी कंदील पेटवून ठेवायचा. चिटणिसानं कंदिलाशेजारी उभं राहून युद्धात गेलेल्या सभासदांची नावं पुकारायची, प्रत्येक नाव तीनदा. उत्तर कुठून येणार? तिसऱ्या हाकेनंतर कंदिलाची झडप एकदा मिटायची, उघडायची, पुढचं नाव घ्यायचं. आणि कंदिलाजवळ जो उभा राहिला त्यानं जागा सोडायची नाही. दुसऱ्या कुणी समोर येऊन 'पहारा माझा' म्हणायचं, मग पहिल्यानं 'पहारा तुमचा' म्हणून दोन पावलं मागं सरायचं. तोवर गारा पडोत नाहीतर वीज. हे दोन शब्द आमच्या तोंडात इतके बसले होते की न्हाणीघराबाहेरच्या रांगेतसुद्धा पोरं एकमेकांना 'पहारा माझा' म्हणत.

त्या सप्टेंबरात मी चिटणीस झाले. पहिल्याच आठवड्यात मंडळाचा प्रमुख प्रेस्टन आल्ब्रेक्ट यानं माझ्यापुढे एक पत्र टाकलं. वहीच्या कागदावर, गोल अक्षरात: 'माझा भाऊ लाइल हरुस्का १९६७ साली लढाईत गेला. तो तुमच्या मंडळात होता. त्याचं नाव हजेरीत घ्यावं ही विनंती. अर्लीन हरुस्का, भोजनगृह.'

"भोजनगृह?" मी म्हटलं. "म्हणजे आपल्या अर्लीनबाई?"

"दर सप्टेंबरला येतं," आल्ब्रेक्ट म्हणाला. "उत्तर फायलीत आहे. तारीख बदल, सही कर, संपलं."

अर्लीनबाईंना कॉलेजात कोण ओळखत नव्हतं! गेली अठ्ठावीस वर्षं त्या न्याहारीच्या काउंटरमागे उभ्या होत्या. कुणाला अंडं कसं लागतं, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, कुणाचं पोरीशी भांडण झालंय, सगळं त्यांना ठाऊक. शुक्रवारी आणि खास दिवशी त्या कोलाचे, म्हणजे जर्दाळू घातलेले गोड पाव, भाजत आणि कवायतीहून आलेल्या कॅडेटना एक जास्तीचा देत. त्यांच्या अंगावरच्या पट्टीवर नुसतं 'अर्लीन' लिहिलेलं असायचं. आडनाव विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि याची मला लाज वाटली.

फायलीत अठ्ठावीस उत्तरं होती. 'आपल्या बंधूंच्या बलिदानाबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. तथापि...' सह्या अठ्ठावीस, 'तथापि' एकच. यादी फक्त सभासदांची, हरुस्का यांचं नाव मृत्यूपूर्वीच सभासदत्वावरून कमी झालेलं, म्हणून क्षमस्व. त्या 'तथापि'नं माझं डोकं फिरलं. सकाळी जिच्या हातचं खायचं तिला संध्याकाळी असलं पत्र पाठवायचं? निदान नाव कमी का केलं ते तरी कळू दे, म्हणून मी तळघरातल्या जुन्या पेट्या उघडल्या.

शोधायला फार वेळ लागला नाही. एप्रिल १९६६, दोन पानं, एकाच हाताचं टापटीप अक्षर. शनिवार: 'पूर. सर्व सभासद बांधावर. हरुस्का, मिलरच्या वळणावरचा पंप, पहारा बदलेपर्यंत.' रविवार: 'पाणी ओसरले. सर्वजण परत.' सोमवार, आभाराची सभा: 'गैरहजर, हरुस्का.' मंगळवार, गव्हर्नरसाहेबांबरोबर फोटो: 'गैरहजर, हरुस्का.' बुधवार: 'गैरहजर, हरुस्का. लागोपाठ तीन वेळा विनाकारण गैरहजर. नियम सात. नाव कमी.' खाली सही, मंडळप्रमुख वॉरन स्टॅडलर.

मी ती दोन पानं पुन्हा पुन्हा वाचली. पंपावर कुणाला पाठवलं ते लिहिलंय. त्याला तिथून कुणी आणलं ते कुठंच नाही. 'सर्वजण परत' लिहिताना डोकी मोजली नाहीत, म्हणजे जी माणसं जेवायलासुद्धा डोकी मोजून बसतात त्यांनी. आणि पहारा बदलल्याशिवाय हलायचं नाही हे ज्याला शिकवलं तो तिकडे हललाच नाही, तर इकडे त्याच्या नावापुढे 'विनाकारण'!

शुक्रवारी पहाटे मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत गेले. अर्लीनबाई कणकेचे गोळे थापत होत्या.

"या वर्षीचं पत्र घेऊन आलीस?" वर न बघता त्यांनी विचारलं. "ठेव तिथं. वाचलेलंच आहे."

"पत्र नाही आणलं. पंपाचं विचारायला आलेय."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं.

"चार दिवस तो तिथं होता," त्या म्हणाल्या. "मिलर मंडळी पुरामुळं घर सोडून गेलेली. त्यांच्या तळघरात पीचच्या बरण्या होत्या, त्या खाऊन राहिला. पंपात डिझेल घालत बसला, दुसरं काय. बुधवारी मिलर परत आले तेव्हा म्हातारा म्हणाला, 'अरे पोरा, पाणी उतरून तीन दिवस झाले, तू इथं काय करतोयस?' तेव्हा कुठं निघाला. अकरा मैल चालत आला गुरुवारी. पाय कसे झाले होते माहितीय? या कणकेसारखे. पांढरे, फुगलेले."

"पण पाणी उतरलेलं त्याला दिसत नव्हतं?"

"हेच आई त्याला विचारत होती. रागानं थरथरत होती ती. तर म्हणतो कसा, 'दिसत होतं गं. पण पहारा कुणी घेतला नव्हता ना.'" अर्लीनबाईंनी एका गोळ्यात अंगठ्यानं खळगा केला आणि त्यात जर्दाळूचा गर भरला. "वेडा होता. मी सतरा वर्षांची होते, तोंडावर सांगितलं त्याला, वेडा आहेस म्हणून. त्याच दिवशी मंडळाच्या खोलीवर गेला. दारातच सांगितलं, इतिवृत्तावर सही झालीय, आता काही होत नाही. मग कॉलेज सोडलं, साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढचं तुला ठाऊक आहे."

"पीच खाल्ल्याचं मिलरबाई काही..."

"जायच्या आधी आईकडून पीचच्या सहा बरण्या भरून घेतल्या आणि नेऊन दिल्या. न विचारता खाल्ले म्हणून." त्या हसल्या. "असा मुलगा विनाकारण गैरहजर."

म्हणजे तो शब्द त्यांना माहीत होता. इतकी वर्षं माहीत होता, आणि तरी त्या आम्हांला जास्तीचा कोलाचे देत होत्या.

"यंदा कोण येतंय पाहुणे म्हणून?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं, पण सांगवेना. भिंतीवर पत्रक लागलेलंच होतं. निवृत्त कर्नल वॉरन स्टॅडलर.

"मी दर वर्षी येते," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेत. सूप उकळायला ठेवून येते. यंदाही येईन, कुणी का येईना."

आल्ब्रेक्टला मी ती दोन पानं दाखवली. त्यानं ती नीट वाचली, हे कबूल करायला हवं. त्याचा चेहरा उतरलाही. पण मग त्यानं पानं घडी करून मला परत दिली.

"स्टॅडलरसाहेब माझं हेलिकॉप्टर-प्रशिक्षणासाठीचं शिफारसपत्र लिहिणार आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या तोंडावर हे वाचायचं?"

"हे नको. फक्त नाव घ्यायचं. तीन हाका. अर्धं मिनिट."

"आणि डिसेंबरातली निवडणूक? विसर, मंडळाची पहिली मुलगी प्रमुख होणार आहेस तू. मतं जमलीयत. स्वयंपाकिणीच्या भावासाठी सगळं घालवायचंय तुला?"

"स्वयंपाकिणीचा नाही. आपला."

"सरळ सांगतो. सव्वीस नावं आहेत. सत्ताविसावं घेतलंस तर दोरी जाईल."

खोटं कशाला बोलू, मला ते पद हवं होतं. फार हवं होतं. बाबांनी पशुखाद्याच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की आमची रोंडा तिथली प्रमुख होणार. आठवडाभर मी मूग गिळून बसले. लोफग्रेनला तेवढं विचारलं, आणि ते विचारणंही मूर्खपणाचंच होतं. नेट लोफग्रेन म्हणजे नियमांचा किडा. मंडळाची नियमावली शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचा. मी चाळीस सेकंद उशिरा आले म्हणून एकदा माझ्यावर लेखी तक्रार केली होती त्यानं.

"नाव वाढवायला दोन-तृतीयांश मतं लागतात," तो म्हणाला. "सभा एप्रिलमध्ये."

"ते राहू दे. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं याचा नियमावलीत उल्लेख नाही."

"माणूस आहेस का खांब रे?"

"तुझ्या बाहीचा दोरा लोंबतोय," तो म्हणाला आणि निघून गेला.

अकरा तारखेला सकाळी कर्नलसाहेब न्याहारीला आमच्यात आले. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचे, आणि खरं सांगायचं तर माणूस वागायला चांगला होता. मोठ्या टेबलावर न बसता आमच्याबरोबर ताट घेऊन रांगेत उभे राहिले. काउंटरमागे अर्लीनबाई होत्या.

"कोलाचे!" साहेब खूश झाले. "तीस वर्षांत असा खाल्ला नाही."

"घ्या ना, दोन घ्या," अर्लीनबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात दोन ठेवले. त्यांचा हात जराही हलला नाही. कॉफी सांडली ती माझी.

टेबलावर मी मुद्दाम साहेबांसमोर बसले. आल्ब्रेक्टनं टेबलाखालून माझ्या बुटावर बूट दाबला.

"सर, तुमच्या वेळी लाइल हरुस्का नावाचा कुणी होता?"

त्यांनी कोलाचे खाली ठेवला. विसरले नव्हते. ते एका क्षणात दिसलं आणि मला उलट जास्त राग आला. विसरले असते तर मी कदाचित सोडून दिलं असतं.

"होता," ते म्हणाले. "वाईट झालं त्याचं. पुराचा गोंधळ होता, पोरी. कुणीतरी त्याला निरोप द्यायला हवा होता."

"कुणीतरी म्हणजे कोण, सर?"

"विसर!" आल्ब्रेक्ट म्हणाला.

"असू दे, असू दे." साहेबांनी रुमालानं ओठ टिपले. "एवढंच सांगतो. चांगल्या सैनिकाला जागा कधी सोडायची हेसुद्धा समजलं पाहिजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर स्वतः विसरून आलात, त्याच्या नावापुढे विनाकारण लिहिलंत, आणि तीस वर्षांनी वर त्यालाच अक्कल शिकवताय? त्याच टेबलावर, त्याच्या बहिणीच्या हातचं खाताना माझं ठरलं. निवडणूक गेली चुलीत. बाबांना काय सांगायचं ते नंतर बघू.

अकराला दगडी भिंतीपुढे खुर्च्या भरल्या होत्या. नदीवरून बोचरं वारं येत होतं. पहिल्या रांगेत कर्नलसाहेब, टोपी मांडीवर. डाव्या हाताला आम्ही मंडळाचे सगळे, सावधान उभे. मागच्या रांगेत अर्लीनबाई, अंगावर कोट, कोटाखालून एप्रनची पांढरी कड दिसत होती. मी कंदील पेटवला आणि नावं घ्यायला लागले. सव्वीस नावं, अठ्ठ्याहत्तर हाका. आवाज कुठं चिरकला नाही. सव्विसावं नाव झालं, झडप मिटली, उघडली. आता 'हजेरी संपली' म्हणायचं आणि मागं सरायचं, एवढंच बाकी होतं. आल्ब्रेक्ट माझ्याकडे रोखून बघत होता.

मी कागदाची घडी घातली.

"लाइल हरुस्का," मी पुकारलं.

मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली. पहिल्या रांगेत काहीच झालं नाही, फक्त टोपी धरलेली बोटं घट्ट झाली.

"बस कर," आल्ब्रेक्ट दातांतून म्हणाला. "विसर, हुकूम आहे."

"लाइल हरुस्का."

"लोफग्रेन! पहारा घे तिच्याकडून!"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लोफग्रेन रांगेतून निघाला, काटकोनात वळला, टाचा जुळवून माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

"पहारा माझा," तो म्हणाला.

आता सांगा, मी काय करायचं होतं? नाही म्हणायचं? ज्या दोन शब्दांची वाट बघत तो पोरगा चार दिवस पंपापाशी बसला, ते शब्द माझ्यासमोर रीतसर उच्चारले गेले होते. ते मोडून त्याचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं आलं.

"पहारा तुमचा," मी म्हणाले आणि दोन पावलं मागं सरले. दोनच हाका झाल्या होत्या. तिसऱ्या हाकेशिवाय हजेरी धरत नाहीत.

लोफग्रेननं माझ्या हातून कागद घेतला, उघडला, शेवटपर्यंत बघितला. त्या कागदावर सत्ताविसावं नाव नव्हतंच. त्यानं कागद खिशात, नियमावलीच्या शेजारी ठेवला. मग भिंतीकडे बघून, माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं, नदीपर्यंत जाईल असा ओरडला.

"लाइल हरुस्का!"

आणि झडप मिटली, उघडली.

"लोफग्रेन, तू सुद्धा?" आल्ब्रेक्टचा आवाज फुटला.

"सुरू केलेलं नाव तीन हाका झाल्याशिवाय सोडता येत नाही," लोफग्रेन समोर बघत म्हणाला. "नियम अकरा. सर."

त्या खांबाला मिठी मारावी असं मला वाटलं. पण सगळ्यांची नजर आता मागं वळली होती. अर्लीनबाई खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढं येत होत्या, स्वयंपाकघरातल्या रबरी बुटांनी, घाई न करता. त्या कंदिलापाशी येऊन थांबल्या. लोफग्रेनकडे त्यांनी पाहिलंही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,

"लाइल, पहारा माझा. तू जा आता घरी."

लोफग्रेन त्यांच्याकडे वळला. कंदिलापाशी तो उभा होता, उत्तर देणं त्याला भाग होतं.

"पहारा तुमचा, मॅडम," तो म्हणाला आणि दोन पावलं मागं येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

झालं. आता कंदिलापाशी भोजनगृहातल्या अर्लीनबाई उभ्या, आणि त्यांचा पहारा कुणी घेतल्याशिवाय कार्यक्रम संपणार नाही. आल्ब्रेक्टच्या ते ध्यानात आलं. तो पुढं झाला, बिचारा घामाघूम झाला होता त्या थंडीत.

"पहारा माझा," तो म्हणाला.

"तू नाही, बाळ," अर्लीनबाई म्हणाल्या. "तू तेव्हा जन्मलाही नव्हतास."

आणि त्या पहिल्या रांगेकडे बघत राहिल्या. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. फक्त म्हणाल्या, "मला काही घाई नाही. सूप मंद आचेवर आहे. लाइल चार दिवस थांबला होता."

कुणीतरी खोकलं. एका बाईनं आपलं पोर मांडीवर घेतलं. कर्नलसाहेबांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीतले प्राचार्य बुटांची टोकं न्याहाळत होते. शेवटी साहेब उठले. टोपी डोक्यावर चढवली, ती सरळ केली. सहा पावलं होती, सावकाश चालत आले. अर्लीनबाईंसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना ती बाई पहिल्यांदा दिसली असावी, सकाळी दोन कोलाचे वाढणारी.

"पहारा माझा," ते म्हणाले. दुसऱ्या रांगेतही ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं," अर्लीनबाई म्हणाल्या. "तो लांब आहे."

"पहारा माझा!"

"पहारा तुमचा."

त्यांनी कोटाची बटणं लावली आणि आल्या तशा निघून गेल्या. साडेअकराला जेवण वाढायचं असतं.

कर्नलसाहेब कंदिलापाशी उरले. आल्ब्रेक्टनं आमच्याकडे बघितलं. "जा कुणीतरी," तो म्हणाला. "पहारा घ्या साहेबांचा."

कुणीतरी! परत तोच कुणीतरी!

लोफग्रेन समोर बघत होता. त्याच्या पलीकडचे समोर बघत होते. सगळी रांग सावधान उभी, सगळ्यांचे डोळे नदीवर. मग आल्ब्रेक्टची नजर माझ्यावर आली. मी अजून सभासद होते, दोरी खांद्यावर होती, मला जाता आलं असतं. साहेबांच्या पापण्या वाऱ्यानं ओल्या झाल्या होत्या आणि एका क्षणी मला त्यांची दयाही आली. ती मी आवरली. खांद्यावर हात नेला, बटण काढलं, पिवळी दोरी सोडवली, गुंडाळून खिशात घातली. सभासदच नाही म्हटल्यावर पहारा घ्यायला मला कोण सांगणार?

"ही तुझी ओळ लिहून टाक," मी आल्ब्रेक्टला म्हटलं. "यंदा कारण तरी खरं लिही." त्यानं तेही केलं नाही.

भोजनगृहात मी पहिलीच होते. अर्लीनबाई एप्रन सारखा करून काउंटरमागे उभ्या होत्या, मोठ्या पातेल्यातलं सूप ढवळत. मी वाडगा पुढं केला. मोठ्या खिडकीतून दगडी भिंत दिसत होती. खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या. आल्ब्रेक्ट दोनदा कंदिलापर्यंत गेला आणि साहेबांनी नकारार्थी मान हलवल्यावर दोनदा परत आला. काय बोलणं झालं ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

अर्लीनबाईंची खिडकीकडे पाठ होती. त्यांनी वाडगा काठोकाठ भरला, वर एक कोलाचे ठेवला.

"आहे का तिथं अजून?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर खाऊन घे."